सुभेदारांची करंगळी

सुभेदार आढाव यांची आठवण आली की मला त्यांचा चेहरा आधी दिसत नाही, उजव्या हाताची करंगळी दिसते. बारीक, सरळ, नख अगदी मुळापर्यंत कापलेलं. कुठलंही पिस्तूल हातात आलं की ते आधी गोळ्यांचं मॅगझिन काढत, मग वरची स्लाइड मागे ओढून अडकवत, उजेडाकडे धरून आत डोकावत आणि शेवटी ती करंगळी आत घालून चाचपत. मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, बसलेली असू शकते, आणि ती दिसली नाही म्हणजे ती नाही असं ते मानत नसत. "डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं," ते म्हणायचे. "बोटाला काही नको असतं."

मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. विद्यार्थी होते माझे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. मी नुसता सोबतीला जायचो, शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो. तरी सुभेदारांनी शिकवलेलं सगळं माझ्या लक्षात राहिलं, आणि त्याचा मी जो उपयोग केला तो सांगितल्याशिवाय मला त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

माझी बहीण सुनंदा हिंजवडीच्या अलीकडच्या एका गावात दिली आहे. गाव आता नावापुरतं उरलंय. समोर कंपन्यांच्या काचा, मागे भाड्याच्या खोल्या, आणि मधे विलासदाजींची रस्त्याला लागून असलेली दीड एकर जमीन. ती कोणालातरी हवी होती. कोणाला, हे दाजींना नक्की कधीच कळलं नाही. एक पांढरी गाडी तीन संध्याकाळी फाटकासमोर येऊन उभी राहिली. कोणी उतरलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला, आणि पलीकडच्या माणसाने जमिनीचं नावही न काढता सुनंदाची शाळा किती वाजता सुटते ते बरोबर सांगितलं. सुनंदा तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिचं फळ्यावरचं अक्षर इतकं सुंदर की वार्षिक तपासणीला आलेला अधिकारी फळ्याचा फोटो काढून घेऊन गेला होता.

पोलिसांत तक्रार झाली, आणि त्याबरोबरच दाजींनी पिस्तुलाच्या परवान्याचा अर्जही केला. अर्जाला शस्त्र वापरण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याच आठवड्यात सुनंदा माझ्या घरी आली.

"दादा, ते घरात येणार आहे," ती म्हणाली. "मी नको म्हणून थांबायचं नाही. गावात आठ-दहा घरांत आहे. मग निदान हे नीट शिकून तरी येऊ देत. क्लास तू शोध. ह्यांनी शोधला तर लवकर सुटणारा शोधतील."

मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात कारकून आहे. चौकशा करणं, कागद जमवणं एवढं मला बरं जमतं. मी चार क्लासना फोन केले. पहिल्याने सांगितलं, एका दुपारीत काम होतं, चहा-नाश्ता आमच्याकडून. दुसऱ्याने फोन ठेवायच्या आत एक व्हिडिओ पाठवला. त्यात काळा चष्मा घातलेला एक जण ढोल-ताशाच्या ठेक्यावर गोळ्या झाडत होता. तिसऱ्याला फक्त पिस्तूल कुठून घेणार एवढ्यातच रस होता. चौथा नंबर सुभेदारांचा.

"घरात कोण कोण असतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी सांगितलं. दाजी, सुनंदा, तिच्या सासूबाई.

"कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार?"

"ते अजून ठरलं नाही."

"आणि ज्यांना शिकायचंय ते स्वतः का बोलत नाहीत?"

"ते जरा कामात असतात."

"बरं. मग तुम्ही लिहून घ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी बंद होणारा. बूट. जाड पट्टा. टोपी. गळ्यात साखळी नको, बोटात अंगठी नको. आदल्या दिवशी पिणं नको. सकाळी पोटभर खाऊन यायचं, उपाशी माणसाचा हात हलतो. सहा रविवार. एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पिस्तूल आम्ही देऊ. मिरवायची हौस घरी ठेवून या."

मला हा माणूस आवडला. सुनंदाला फोन करून मी यादी वाचून दाखवली तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली. "हाच," ती म्हणाली.

त्यांची शेड खराडीच्या पुढे होती, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. मागे वाळूच्या पोत्यांची उंच भिंत. दारावर त्यांच्या हातची पाटी: "येथील प्रत्येक शस्त्र भरलेले आहे. रिकामे आहे असे सांगू नये, दाखवावे." त्याखाली लहान अक्षरात: "ट्रिगरवर बोट ठेवण्यापूर्वी वकिलाचा नंबर पाठ करावा." सुभेदारांचं वय सत्तरीला टेकलेलं, खाकी पँट, पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. डाव्या कानाने ऐकू येत नसे, त्यामुळे कोणी बोलायला लागलं की ते मान वळवून उजवा कान पुढे करत. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना ते आपल्याकडे पाहत नसून दाराकडे पाहत आहेत असं वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंच दाराकडे पाहत असत.

सहा विद्यार्थी होते. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "कोणापासून संरक्षण?" पेट्रोल पंपाचे एक मालक म्हणाले, रोकड असते. एक सराफ म्हणाले, दुकान. दाजी म्हणाले, "नाव म्हाइत न्हाय."

"मग तोंड?"

"तोंडबी न्हाय बघितलं. गाडी बघितली."

सुभेदारांनी मान सरळ केली. "ज्याचं तोंड माहीत नाही त्याच्यासाठी घेतलेलं शस्त्र सगळ्यांवर रोखलेलं राहतं," ते म्हणाले. "तुम्हाला जास्त शिकावं लागेल."

पहिले दोन रविवार त्यांनी कोणालाही पिस्तुलाला हात लावू दिला नाही. शिसवी लाकडाचे पिस्तुलासारखे ठोकळे हातात दिले आणि एकच गोष्ट करून घेतली: उचला, तोंड वाळूकडे, मॅगझिन काढल्यासारखं करा, स्लाइड ओढल्यासारखं करा, पाहा, बोट घाला. दाजींचा लाकडी ठोकळ्यात बोट घालायला नकार होता. "भोकच न्हाय तर बोट कुठं घालू?" सगळे हसले. सुभेदारही हसले. मग त्यांनी दाजींकडून तेच साठ वेळा करून घेतलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी आम्हाला मंडईत बोलावलं. ते मंडईच्या मागच्या एका गल्लीत एकाच खोलीत राहत. सकाळची गर्दी, भाजीचे ढीग, हमालांचे "बाजू, बाजू". सुभेदार हातात कापडी पिशवी घेऊन उभे.

"सगळ्यांनी हात खिशात घाला," ते म्हणाले. "विलासराव, तो भोपळ्यांपाशी निळा शर्टवाला दिसतो? समजा, तो सुरा काढून तुमच्याकडे येतोय. काय करणार?"

"मारनार."

"मारा."

"मारला," दाजी खिशातल्या खिशात बोट हलवून म्हणाले.

"लागला?"

"लागला की."

"नाही लागला. घाबरलेल्या माणसाची पहिली गोळी कोणालाच लागत नाही. मग ती गेली कुठे?"

दाजींनी पाहिलं. मीही पाहिलं. निळ्या शर्टाच्या मागे, त्याच रेषेत, एक म्हातारी पोत्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मान खाली, ओठांत एक दोरा धरलेला.

सुभेदार तिच्याकडे गेले, भाव केला, एक जुडी घेतली आणि आणून दाजींच्या हातात दिली. "घरी न्या. वहिनींना सांगा, ही जुडी बांधणारीला मी आज सकाळी मारलं."

परत येताना ते सगळ्यांना समजावत होते की मागच्या गल्लीने पळायला वाट कुठे आहे, कुठली वाट बंद आहे. पळता येत असेल तोवर पळायचं, ओरडता येत असेल तोवर ओरडायचं, हे ते इतक्या सहजपणे सांगत होते की त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही याचं मला नवल वाटलं.

गाडीत बसल्यावर दाजींनी जुडी मागच्या सीटवर फेकली. "म्हातारं येडं हाय," ते म्हणाले. मी हसलो. मला हसू आलं नव्हतं, पण मी हसलो.

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात जावयाला उलट बोलायची पद्धत नाही. माझे वडील गेल्यावर मी सुनंदाचं लग्न लावलं, आणि त्या दिवसापासून दाजी आमच्याकडे आले की मी त्यांच्या आधी खुर्चीत बसत नाही. ते चुकले तर विषय बदलायचा, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही चुकीचं असेल असं कधी वाटलंच नाही.

पाचव्या रविवारी खऱ्या गोळ्या होत्या. दाजी उघड्या गळ्याचा शर्ट घालून आले. सुभेदारांनी यादीची आठवण केली नाही, खिशातून एक सेफ्टी पिन काढली आणि स्वतःच्या हाताने त्यांचा गळा बंद केला. "गोळी सुटली की रिकामं काडतूस बाजूला उडतं," ते म्हणाले. "तापलेलं असतं. आत गेलं तर माणूस नाचतो." सुभेदार पुढच्या माणसाकडे वळले तेव्हा दाजींनी पिन काढून खिशात टाकली. मी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला.

तिसऱ्या गोळीला काडतूस त्यांच्या शर्टात गेलं. ते ओरडले, डाव्या हाताने शर्ट ओढत गर्रकन मागे वळले, आणि उजव्या हातातलं पिस्तूल त्यांच्याबरोबर वळलं. पंपवाले, सराफ, मी, आम्ही सगळे एकेक करून त्या तोंडासमोरून गेलो. मग सुभेदारांनी त्यांचं मनगट धरलेलं होतं आणि पिस्तूल वाळूकडे होतं. ते कसे आणि केव्हा तिथे पोचले, मला कळलं नाही. त्यांचा आवाजही चढला नाही. "बोट बाहेर," एवढंच म्हणाले. पिस्तूल काढून घेतलं. मॅगझिन, स्लाइड, डोळा, करंगळी. मग थर्मासमधल्या बर्फाचा खडा रुमालात बांधून दाजींच्या छातीवर धरला.

नंतर पाणी प्यायला गेलो तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, उजवा कान माझ्याकडे करून.

"पिन काढताना पाहिलंत ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"दाजी आहेत," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. "जावई." आणि पेला विसळून पालथा ठेवला.

सहाव्या रविवारी परीक्षा. लेखी पेपर नव्हता. टेबलावर एक पिस्तूल ठेवलं होतं. एकेकाने यायचं, ते रिकामं करून टेबलावर ठेवायचं आणि 'रिकामं' म्हणायचं. दाजींचा नंबर शेवटचा. त्यांनी पिस्तूल उचललं, तोंड वाळूकडे ठेवलं, मॅगझिन खाली पाडलं आणि मोठ्याने म्हणाले, "रिकामं."

सुभेदारांनी पिस्तूल घेतलं आणि स्लाइड ओढली. आतून सरावासाठीची पितळी खोटी गोळी उडाली, फरशीवर वाजली आणि घरंगळत माझ्या बुटाशी येऊन थांबली.

"ही कोणाची?" सुभेदार म्हणाले.

"सर, इसारलो बघा," दाजी हसून म्हणाले.

"अजून चार रविवार या."

"तेवढ्यासाठी चार?"

"बाकी सगळं येतं तुम्हाला. निशाण चांगलं आहे. हे येत नाही. हे आल्याशिवाय मी सही करणार नाही." मग माझ्याकडे हात केला. "ती द्या इकडे." मी ती गोळी उचलून त्यांना दिली. थंड आणि वाटली त्यापेक्षा जड होती.

परतीच्या वाटेवर दाजींनी गाडी जोरात हाणली. फाटकाशी गाडी थांबवून म्हणाले, "शरददादा, पंधरा दिवसांत कागद द्यायचेत. त्या म्हाताऱ्यासमोर पोरासारखा मी परत उभा ऱ्हानार न्हाय. तुमी दुसरं बघा."

मी त्यांना थांबा म्हणू शकलो असतो. मुदत वाढवून मागता येते, हे मला माहीत होतं. कागदांचं काम माझंच आहे. ते न करता मी पहिल्या नंबरला फोन केला. एका दुपारीत काम होणारा.

तो क्लास एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर होता. तिथे पिस्तूल दिसलं नाही. वीस प्रश्नांचा एक छापील पेपर होता, पर्यायांवर खूण करायची. दाजींना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा ते चारचौघांत लावत नाहीत. तिथला मुख्य माणूस म्हणाला, "तुम्ही भरा हो काका, सही त्यांची घ्या." मी भरला. वीस वर्षं मी कॉपी करणाऱ्या पोरांचे जबाब लिहून घेत आलो आहे. त्यांच्या आयांना मी कार्यालयाच्या बाहेर रडताना पाहिलं आहे आणि नियम म्हणजे नियम असं सांगितलं आहे. त्या दुपारी माझा हात थोडासुद्धा अडखळला नाही.

पहिला प्रश्न होता: शस्त्र हातात घेतल्यावर प्रथम कोणती कृती करावी? मी बरोबर पर्यायावर खूण केली. दाजींना वीसपैकी वीस मिळाले.

सुनंदाला मी सांगितलं की क्लास पूर्ण झाला. "सुभेदारांनी सही केली?" तिने विचारलं. मी म्हणालो, "प्रमाणपत्र मिळालं." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग चहा ठेवायला आत गेली. मंडईतली ती कोथिंबीर तिने तेव्हाच गाडीतून उचलून नेली होती. तिची गोष्ट मात्र दाजींनी तिला सांगितली नव्हती. मीही सांगितली नाही.

चौकशी झाली, परवाना आला, पिस्तूल आलं. पांढरी गाडी पुन्हा आली नाही, फोनही आला नाही. तरी दाजी पिस्तूल भरून उशाच्या कप्प्यात ठेवत. कुत्रं भुंकलं की गोळी चढवायला स्लाइड ओढल्याचा आवाज यायचा, असं सुनंदा मला नंतर म्हणाली.

दसऱ्याला आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे जेवायला होतो. त्या गावात दसऱ्याला शस्त्रं पुजतात. पूर्वी कोयते, विळे, कुऱ्हाडी आणि कोणाच्या घरी असली तर एखादी जुनी तलवार. आता पाटावर त्यांच्या शेजारी गाडीच्या किल्ल्या असतात, आणि ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडे पिस्तूल. दाजींनी आतून पिस्तूल आणलं. पाटापाशी बसून त्यांनी मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, पिस्तूल लाल कापडावर मांडलं आणि त्याला झेंडूचं फूल वाहिलं.

स्लाइड ओढली नाही. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. माझ्या घशात शब्द आला, हे मला स्वच्छ आठवतं. समोर त्यांची सगळी भावकी बसली होती. सणाचा दिवस, जावयाचं घर, आणि एवढ्या लोकांत त्यांना पिस्तूल उघडून दाखवा म्हणायचं. मी वाट पाहिली. वाटलं, पूजा झाली की हळूच बाजूला घेऊन सांगू.

सुनंदा ताट घेऊन आली. हळद-कुंकू वाहून झालं. दाजींचा एक चुलतभाऊ, पोपटराव, मोबाइल काढून म्हणाला, "विलासआण्णा, हातात घ्या की. ववाळताना फोटो काढतो." दाजींनी पिस्तूल उचललं, छातीशी धरलं, कॅमेऱ्याकडे पाहून हसले. सुनंदाने ओवाळायला उजवा हात पुढे केला.

आवाज झाला तेव्हा मला वाटलं बाहेर कोणी फटाका लावला. मग ताट पडलं.

ती वाचली. गोळी तळहातातून गेली आणि ताटाला भोक पाडून भिंतीत घुसली. तीन शस्त्रक्रिया झाल्या. मधली दोन बोटं काढावी लागली, बाकीची वळत नाहीत. पोलीस आले, पिस्तूल नेलं, परवाना रद्द झाला, दाजींवर गुन्हा दाखल झाला. ते त्यानंतर फार बोलत नाहीत. सुनंदा पाच महिन्यांनी शाळेत रुजू झाली. फळ्यावर डाव्या हाताने लिहिते. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं.

मी सुभेदारांकडे गेलो तो तिच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर. ते शेडमध्ये एकटे लाकडी ठोकळे पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं. पेपर, पाट, घशातला शब्द. ते दाराकडे तोंड करून ऐकत होते.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्या प्रश्नाला काय लिहिलंत?"

"मॅगझिन काढणे, स्लाइड मागे घेऊन डोळ्याने व बोटाने खात्री करणे."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते पुढचा ठोकळा पुसू लागले. पुसता पुसताच म्हणाले, "मी एकदा अशीच सही केली होती. पलटणीत. सगळी शस्त्रं तपासली, सगळी रिकामी. पोरगा म्हणाला, रिकामी आहेत साहेब. चांगला पोरगा होता. मी सही केली." यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्यांचा डावा कान कशाने गेला हेही मी कधी विचारलं नव्हतं.

निघताना ते म्हणाले, "दसऱ्याला त्या गावात किती घरांत पिस्तूल पुजतात?"

"आठ-दहा."

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या दसऱ्याला सकाळी मी सुनंदाकडे होतो. फाटकाशी एक जुनी स्कूटर थांबली. सुभेदार उतरले. आजारपणाने उतरलेले दिसत होते, कॉलर मानेपासून सुटी राहिली होती, पण बटण लावलेलं होतं. दाजी त्यांना पाहून आतल्या खोलीत निघून गेले. सुनंदा बाहेर आली. त्या दोघांची ती पहिलीच भेट.

"ताई," ते म्हणाले, "मी आढाव. मला पूजेची घरं दाखवाल?"

सुनंदाने चपला घातल्या. पदराखाली हात घ्यायची तिची सवय झाली आहे, पण त्या दिवशी तिने तो घेतला नाही. गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. बाईंना दारातून परत कोण पाठवणार? ती पुढे, सुभेदार तिच्या मागे, आणि दहा पावलांवर मी.

पहिल्या घरी पाटावर पिस्तुलाला हळद-कुंकू लागलेलं होतं. घरधनी नाराज झाला. "पूजा झालीय बाई. आता हात कसा लावायचा?"

"देवाला रोज आंघोळ घालता ना," सुभेदार म्हणाले. "तसं समजा." ते गुडघे टेकून पाटापाशी बसले, फूल उचलून कडेला ठेवलं, पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे वळवलं. मॅगझिन, स्लाइड, डोळा, करंगळी. बोट बाहेर आलं ते पिवळंलाल. त्यांनी पिस्तूल परत मांडलं, फूल जागेवर ठेवलं, हात जोडले. "रिकामं."

दुसऱ्या घरी रिकामं. तिसऱ्या घरीही. मला थोडं हलकं वाटू लागलं होतं. वर्षभरापूर्वी काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं, लोक शहाणे झाले असतील, असं मी मनाशी म्हणत होतो.

चौथं घर पोपटरावांचं, फोटो काढणाऱ्या त्याच चुलतभावाचं. पिस्तूल नवं होतं. मॅगझिन आधीच काढून शेजारी नीट आडवं ठेवलेलं, त्यालाही कुंकू. सुभेदार बसले. स्लाइड घट्ट होती, ती त्यांना पूर्ण मागे येईना, जेमतेम अर्धी आली. त्यांनी तेवढ्या फटीत करंगळी घातली.

बोट थांबलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. "आहे," ते म्हणाले. दोन्ही हातांनी जोर लावून स्लाइड ओढली आणि गोळी कापडावर पडली.

पोपटराव हसले. "सर, इसारलो बघा," ते म्हणाले.

दुसरं कोणी हसलं नाही. सुनंदाने डावा हात पुढे केला, आणि सुभेदारांनी ती गोळी तिच्या तळव्यावर ठेवली. तिने मूठ मिटली. पोपटरावांकडे ती वर्गात पाहते तशी बघत राहिली, ते मान खाली घालेपर्यंत.

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. पांढऱ्या शर्टाला कुंकू लागू नये म्हणून सुभेदारांनी ती करंगळी अंगापासून लांब धरली होती. मी म्हणालो, जरा बसा, पाणी आणतो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा डाव्या बाजूने बोललो म्हणून त्यांना ऐकू आलं नसेल. त्याच थंडीत ते वारले; त्यांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

"अजून किती?" त्यांनी सुनंदाला विचारलं.

"पाच."

वळणापलीकडच्या घरातून घंटा वाजायला लागली. तिथली पूजा सुरू झाली होती. सुभेदार भरभर चालू लागले.